जुनी मारुती ८०० आणि मेहुण्याची नवी गाडी, दोन्हीचं म्युझिक आणि लॉकिंगचं काम एकाच माणसाकडं केलं, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये कारण दुकानाला नावच नाही. म्हणजे कधीतरी होतं, बोर्ड पण होता, दोन पावसाळ्याआधी वाऱ्यानं खाली आला आणि दुकानवाल्या मामांनी परत लावलाच नाही, आता तो बोर्ड आत स्पीकरच्या खोक्यांवर आडवा टाकलाय आणि त्यावर बसून पोऱ्या डबा खातो. बेळगावात जुन्या पी. बी. रोडला गॅरेजवाल्यांना "वायरिंगवाले मामा" म्हणून विचारा, कोणीतरी हात करून दाखवतोच.

आमची कामं दोन होती. एक बाबांची मारुती ८००, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, केए-२२ पासिंग, रंग एकदा मारलेला, फिटनेस करून घेऊन अजून रस्त्यावर आहे, बाबा आठवड्यातून एकदा शहापूरच्या बाजाराला आणि महिन्यातून एकदा खानापूरला शेतावर जातात तेवढीच चालते. दुसरी माझ्या मेहुण्याची, तो निपाणीला असतो, २०२३ ला घेतलेली छोटी एसयूव्ही, सहा एअरबॅग, स्टिअरिंगवर बटणं, कंपनीचीच टचस्क्रीन. गाडीचं नाव घेत नाही कारण दोष गाडीचा नव्हता, तो कुणाचा होता ते पुढं येईलच.

बाबांना काय हवं होतं तर रेडिओ. तो पण मीडियम वेव्ह, म्हणजे एएम. आकाशवाणीचं सांगली आणि धारवाड लागलं पाहिजे एवढीच अट. आता गंमत बघा, आजकालचे जे मोठ्या स्क्रीनचे अँड्रॉइड सेट येतात त्यातल्या बऱ्याचशात मीडियम वेव्ह नसतंच, एफएम तेवढं असतं. मी तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी काउंटरवरचा पोरगा मला म्हणाला सर एएमचं अ‍ॅप टाकून देतो की. बाबा शेजारीच उभे होते, ते काही बोलले नाहीत, सरळ गाडीत जाऊन बसले.

मामांकडं गेलो तर त्यांनी सेट दाखवायच्या आधी बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीला मीटर लावला, गाडी बंद असताना १२.४ व्होल्ट, चालू करून हेडलाइट लावली तर १३.१. मामा म्हणाले "सेट मागनं बघूया, आधी हिला नीट जेवायला तर मिळूदे." बेल्ट सैल होता. ताणला, १३.९ झालं. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे व्होल्ट असले पाहिजेत, त्याच्या खाली असेल तर तुम्ही कितीही भारी सेट बसवा बॅटरीच खाली होत जाणार, आणि मग लोक म्हणतात सेट बसवल्यापासून गाडी स्टार्ट होईना. हे एवढं साधं बघायचं असतं पण बाकीच्या तीन दुकानांत कुणीच बॉनेटला हात लावला नव्हता.

मग डॅशबोर्ड खोलला. जुना कॅसेटवाला टेप निघाला, त्याच्यामागं जे काय होतं ते बघून मी फोटो काढून ठेवलाय. पंचवीस वर्षांत ज्यानं त्यानं आपापली वायर घुसवलेली, चिकटपट्टी वितळून काळा डिंक झालेला, पिवळ्या वायरला निळी, निळीला परत लाल, आणि मधे तो काचेच्या नळीतला फ्यूज असतो ना, तो कधीतरी उडलेला आणि कुणीतरी त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून परत बसवलेला. मामांनी तो चिमट्यात धरून उजेडात बघितला. "हे कुणी केलंय ओ?" बाबा दुसरीकडं बघायला लागले. नंतर घरी कळलं, बाबांनीच केलं होतं, २००४ साली, गोव्याहून येताना चोर्ला घाटात, गाणी बंद पडली म्हणून.

मामा चिडले नाहीत पण त्यांनी बाबांना शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, की फ्यूज हा सेटला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. चांदी उडत नाही, म्हणजे शॉर्ट झाला तर वायर तापत जाणार आणि वायर जिथनं जाते तिथं खाली गालिचा असतो, रबर असतं, पेट्रोलची नळी पण असते. म्हणूनच बॅटरीकडनं नवीन वायर ओढली तर फ्यूज बॅटरीपासनं हातभराच्या आतच पाहिजे. सेटजवळ फ्यूज आहे म्हणून बॅटरीकडचा टाळला तर मधली सगळी वायर उघडीच की.

जुन्या गाडीचं एक बरं असतं, जे आहे ते डोळ्याला दिसतं. सेटच्या मागं पिवळी म्हणजे कायम करंट, लाल म्हणजे चावी फिरवली की येणारा, काळी म्हणजे अर्थिंग, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करायला, आणि स्पीकरच्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा जोड्या, हे रंग बाहेरून आणलेल्या बहुतेक सगळ्या सेटना सारखेच. पण गाडीच्या बाजूचे रंग मात्र देवालाच ठाऊक, तिथं एकेक वायर मीटरनं बघूनच घ्यावी लागते. मामांनी जुना सगळा गुंता कापून बाहेर काढला, नवी वायर फ्यूज बॉक्सपासनं घातली, प्रत्येक जोडावर डाग दिला आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली. चिकटपट्टी कुठंही नाही. ह्यात त्यांचा पहिला अख्खा दिवस गेला आणि मी आतल्या आत वैतागलो होतो, खोटं कशाला बोला.

सेट कुठला घ्यायचा ह्यावर पण बरंच झालं. माझ्या डोक्यात सात इंची स्क्रीन होती. मामांनी खाचा मोजून दाखवला, १८० मिलिमीटर बाय ५०, सिंगल डिन म्हणतात त्या मापाचा, मोठी स्क्रीन घालायची तर डबल डिन म्हणजे उंची १०० लागते आणि त्यासाठी डॅश कापावा लागतो. "कापून देऊ काय? देतो. पण परत चिकटवून द्या म्हणून येऊ नका." त्यांच्याकडं मीडियम वेव्ह, एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथ असलेला साधा सेट होता, बाबांनी तोच उचलला.

वॅटचं जे खोटं असतं ना ते मला ह्या माणसानं पाच मिनिटांत समजावलं. खोक्यावर लिहिलेलं असतं ४ बाय ५० वॅट. आता गाडीत मिळतं जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओमचा, १४.४ चा वर्ग करा, ४ नं भागा, ५१.८ येतं. हेच ते ५०! पण ही ताकद कधी, तर आवाज पूर्ण चिरलेला, चौकोनी झालेला असताना. स्वच्छ आवाजाला त्याच्या निम्मीच, २६ च्या आत, आणि सेटच्या आतली घट धरली की हातात १८-२० वॅट राहतात. मग खोक्यावर कुणाचंही नाव असूदे, अँप्लिफायर वेगळा नसेल तर सगळ्यांचं तेवढंच. मी इतकी वर्षं ४ गुणिले ५० बरोबर २०० वॅट म्हणून मित्रांना सांगत फिरत होतो.

मागचा ट्रे ८०० मधे पुठ्ठ्याचा, त्यावर ओव्हल म्हणजे सहा बाय नऊचे स्पीकर ठेवले की आवाजापेक्षा खडखडच जास्त. मामांनी बारा एमएमच्या प्लायचा ट्रे कापला, खालून दोन्ही बाजूला पट्ट्यांनी बॉडीला आवळला. नुसता ठेवून दिलेला जड ट्रे अचानक ब्रेक मारल्यावर मागं बसलेल्याच्या मानेवर येतो, हे मी तरी कधी डोक्यात आणलं नव्हतं. वरचं कापड मात्र राखाडी लावलंय, गाडीच्या आतला रंग तपकिरी आहे. विचारलं तर म्हणाले तपकिरी संपलंय. संपलंय तर संपलंय, पण आधी विचारायला हवं होतं.

आणि मग ती कुईं. सेट बसवला, गाडी चालू केली, एक्सलेटर दिला की स्पीकरमधनं बारीक कुईंईं असा आवाज, पाय दाबेल तसा चढत जाणारा. हा अल्टरनेटरचा आवाज, अर्थिंग नीट नसलं की येतो. मामांनी सेटची काळी वायर सोडवली, डॅशच्या आत बॉडीचा रंग पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून वायरीच्या टोकाची कडी आवळली, वर ग्रीसचा हात. आवाज गेला. पण मीडियम वेव्ह लावलं तर अजून तडतड होती, ती वेगळी, ती स्पार्क प्लगच्या वायरींची. त्या वायरी जुन्या झाल्या होत्या, बदलल्या, मग सांगली लागलं. बाबा गाडीत बसून बातम्या संपेपर्यंत उतरलेच नाहीत, मागं एक ट्रॅक्सवाला हॉर्न मारत होता तरी.

आता सिक्युरिटी. जुन्या ८०० ला सिक्युरिटी म्हणजे काय हो, आमच्या गल्लीत दोन ८०० होत्या आणि एकीची झिजलेली चावी दुसरीला सर्रास चालायची, पाटील काका एकदा आमचीच गाडी घेऊन देवळापर्यंत गेले होते आणि सीट पुढं का आहे म्हणून फोन केला. तर ह्या गाडीला रिमोटचं सेंट्रल लॉकिंग बसवायचं तर चारही दारांत मोटर लागते. ड्रायव्हरच्या दारातली पाच वायरची, कारण ती बाकीच्यांना हुकूम देते, उरलेल्या तीन दोन-दोन वायरच्या, त्या नुसतं ऐकतात. दार उघडल्यावर आत जो प्लास्टिकचा कागद असतो तो बरेच फिटर फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत. आपल्याकडच्या पावसात, त्यात खानापूरकडं म्हणजे विचारूच नका, काचेवरनं पाणी दाराच्या आतच उतरतं, तो कागद नसला की पाणी पॅडमधे, पॅड फुगतं, मोटर गंजते. मामांनी चारही दारांचे कागद नवीन कापून काळ्या चिकट पट्टीनं बसवले. हे काम कुणालाच दिसणार नाही, पैसे पण त्याचे वेगळे लावले नाहीत.

अलार्म बसवल्यावर परत मीटर. ह्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह सोडवून मधे मीटर लावला, गाडी बंद, दारं लॉक, किती करंट खाते ते बघायला. १४ मिलिअँपिअर. म्हणजे आठवडाभर गाडी उभी राहिली तरी अडीच अँपिअर-अवर सुद्धा जात नाहीत, बॅटरी ३५ ची, काळजी नाही. ५० मिलिअँपिअरच्या वर गेलं तर कुठंतरी गळतंय समजायचं.

शेवटी चोर स्विच. इंजिन कॉइलच्या वायरीत एक लपवलेलं बटण, ते दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत राहील पण गाडी पकडणार नाही. कुठं बसवलाय ते अर्थातच लिहिणार नाही. मी जीपीएस ट्रॅकर पण घालायचा म्हणत होतो, फोनवरनं गाडी बंद करता येते तसला. मामा म्हणाले घाला की, पण चालत्या गाडीत बंद करायचं बटण दाबायचं नाही, घाटात मागं ट्रक असला तर चोरासकट पाच जण जातील. बऱ्याच ट्रॅकरमधे वेग २० च्या खाली आल्यावरच इंजिन बंद करणारा रिले पडतो, तसलाच घ्यायचा. आणि नुसतं जुन्या २जी वर चालणारं उपकरण घेतलं तर सिम कुठलं टाकणार ते आधी बघायचं, जिओला २जी नाहीच. आम्ही शेवटी ट्रॅकर घेतला नाही, बाबा म्हणाले मी कुठं आहे ते तुझ्या आईला फोनवर कशाला दिसायला पाहिजे.

आता मेहुण्याची गाडी. इथं खरी गोष्ट आहे.

त्यानं आधी एका मोठ्या शहरातल्या काचेच्या, एसीच्या दुकानात गाडी दिली होती. नाव राहूदे. ३८ हजारांचं एस्टिमेट, कंपनीची स्क्रीन काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन, अँप्लिफायर, सबवूफर, रिव्हर्स कॅमेरा, अलार्म. पहिल्याच दिवशी दुपारी फोन आला की एअरबॅगची लाइट लागलीये पण ते काही नसतं, आपोआप जाईल. गेली नाही. काय झालं होतं तर त्यांनी डॅश खोलताना एअरबॅगचं पिवळं कपलर सोडवलं आणि ते तसंच सुटं असताना टेस्टिंगसाठी चावी फिरवली. नव्या गाडीत चावी फिरवली की कॉम्प्युटर सगळ्या एअरबॅगा मोजतो, एक सापडली नाही की एरर लिहून ठेवतो, मग तुम्ही कपलर परत लावलं तरी स्कॅनर लावून पुसल्याशिवाय ती जात नाही. शिवाय डॅशकॅमची वायर त्यांनी समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबात, पडदा-एअरबॅगच्या बरोब्बर वरनं नेली होती. म्हणजे वेळ आली तर एअरबॅग उघडताना ती वायर मधे. आणि रिव्हर्स लाइटची वायर मधे चावून कॅमेरा जोडलेला, चित्र सारखं लुकलुकतंय. मेहुण्यानं भांडून अर्धे पैसे परत घेतले, निपाणीला जाऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग मीच म्हणलं मामांकडं घेऊन ये.

मामांनी पहिल्यांदा काय केलं तर स्टिअरिंगच्या खालच्या डायग्नोस्टिक सॉकेटला, म्हणजे जिथं स्कॅनर लावतात तिथं, गाडी बंद करून, ६ आणि १४ नंबरच्या पिनमधे ओम मोजले. ६० आले. मान हलवली, बरं आहे म्हणाले. मला काय कळेना, तर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. नव्या गाडीत प्रत्येक गोष्टीला वेगळी वायर नसते, दोन पिळलेल्या वायरी सगळ्या गाडीभर फिरतात आणि त्यावरनं सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, त्याला कॅन म्हणतात, बॉश कंपनीनं १९८६ मधे आणलेली पद्धत. दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर, दोन्ही समांतर म्हणून मधे ६० येतात. एखादं टोक तुटलं असतं तर १२० दिसले असते. ८०० मधे दार उघडलं की स्विचची वायर सरळ दिव्याला जाते, इथं दाराचा स्विच एका डबीला, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरला, सांगतो, डबी वायरीवर ओरडते की दार उघडलं, आणि दिवावाली डबी ते ऐकून दिवा लावते. म्हणून इथं जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचत बसायचं नाही, तो बल्ब स्वतःच एवढा करंट ओढतो की आतली नाजूक डबी जाऊ शकते. मामांच्या दुकानात तो टेस्ट लॅम्प खिळ्याला टांगलाय, वर मार्करनं लिहिलंय "२००५ च्या आधी". हे मला लई आवडलं.

एअरबॅगच्या लाइटला मात्र त्यांनी हात लावला नाही. स्कॅनर आहे त्यांच्याकडं, कोड वाचला, पण पुसला नाही. "लाइट विझवायला दोन मिनटं लागत न्हाईत. पण का लागली ते कोण बघणार? कंपनीत जावा, ते काम त्यांचं." मेहुणा वैतागला, परत एक चक्कर, पण गेला. कंपनीच्या वर्कशॉपमधे कपलर अर्धवट बसलेलं सापडलं, नीट बसवून कोड काढला. म्हणजे इथंच पुसून टाकला असता तर खड्ड्यात आदळलं की परत लागली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे लागली नसती.

परत आल्यावर मामांनी मेहुण्याच्या यादीतल्या अर्ध्या गोष्टींना सरळ नाही म्हणून सांगितलं. मोठी स्क्रीन नको, कारण ह्या गाडीत कंपनीच्या स्क्रीनमधेच गाडीची सेटिंगं आहेत, काढली तर स्टिअरिंगची बटणं आणि हे सगळं चालवायला कॅनचा डिकोडर लागतो आणि तो त्या गाडीचा तंतोतंत मिळाला तर ठीक नाहीतर रोज एक नवीन भूत. शिवाय स्वस्तातल्या स्क्रीनवर जी रॅम आणि अँड्रॉइडचा नंबर दिसतो तो बऱ्याचदा नुसता छापलेला असतो. अलार्म पण नको, गाडीला चावीत चिप असलेला इमोबिलायझर आहेच, ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही, वरनं लॉकच्या वायरी टोचून दुसरा अलार्म कशाला, त्यापेक्षा गिअर लॉक घ्या, लोखंडाचा, चोराला तो कापायला वेळ लागतो आणि तो वेळच त्याच्याकडं नसतो. अलार्मचे पैसे त्यांना मिळाले असते की, पण नाही म्हणाले.

आवाजासाठी काय केलं तर कंपनीचा सेट तसाच ठेवला आणि त्याच्या मागच्या कपलरला मधे एक जोड-कपलर लावलं, एक शेपूट पुढं गाडीला, एक शेपूट अँप्लिफायरसकट येणाऱ्या सीटखालच्या सबवूफरला. एकही वायर तोडली नाही. उद्या गाडी विकायची झाली तर दहा मिनटांत काढून पहिल्यासारखी. बॅटरीची निगेटिव्ह बघायला सांगितली, तिथं एक छोटी डबी होती, ती बॅटरीचा करंट मोजते, म्हणून सबवूफरचं अर्थिंग थेट बॅटरीच्या टोकाला द्यायचं नाही, दिलं तर तो करंट त्या डबीला कळतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. बॉडीला द्यायचं. आवाज कसा आहे म्हणाल तर चांगलाय, पण एक आहे, कंपनीचा सेट आवाज एका मर्यादेच्या वर गेला की स्वतःच बेस कमी करतो, स्पीकर वाचवायला, तर फुल्ल आवाजात मजा थोडी कमी होते. ज्यांना दणदणाटच पाहिजे त्यांना हे पटणार नाही.

कॅमेऱ्याचं चित्र लुकलुकण्याचं कारण असं, की गाडी रिव्हर्स लाइटला सरळ करंट देत नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत तुकड्या-तुकड्यानं देते, दिव्याला ते चालतं, कॅमेऱ्याला नाही. मधे छोटा फिल्टर लावला, स्क्रीन आरशातली घेतली. रिव्हर्सचे सेन्सर तर १ जुलै २०१९ पासनं नव्या गाडीला सक्तीचेच आहेत, ते कंपनीचे होते. डॅशकॅमची वायर काढून एअरबॅगच्या मागनं परत नेली.

आणि मग करंट मोजायचा होता. ८०० ला दोन मिनिटांत झालं होतं. इथं मामांनी दारं लॉक केली, बॉनेट उघडं ठेवून कुलपाला स्क्रू ड्रायव्हरनं बंद असल्याचं भासवलं आणि स्टुलावर जाऊन बसले. मेहुणा दर दोन मिनिटांनी विचारतोय झालं का. "गाडी अजून झोपली न्हाई. थांबा की जरा." मीटरवर आधी दीडेक अँपिअर, मग सहाशे मिलिअँपिअर, मग दोनशे, एकेक डबी झोपत जाते. तेवढ्यात पोऱ्यानं सवयीनं दाराचा हँडल ओढला. सगळं परत जागं. मामा कन्नडमधे त्याला जे काय बोलले ते मला कळलं पण लिहिता येणार नाही, मग परत मराठीत "काय करूलालास रे, झोपलेल्या पोराला उठीवलास की." परत पंचवीस मिनिटं. शेवटी २८ वर येऊन थांबला. डॅशकॅमचा पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असताना पण रेकॉर्डिंग, चालू केला तर ३०० च्या पुढं. म्हणजे दिवसाला सात अँपिअर-अवर, ४५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. व्होल्ट खाली आले की कॅमेरा आपोआप बंद करणारं किट लावलं, तरी म्हणाले लग्नाला चार दिवस गाडी सोडून जाणार असाल तर पार्किंग मोड बंदच करा.

मधल्या काळातल्या गाड्यांचं विचारलं, २०१० च्या आसपासच्या. मामांच्या मते त्या सगळ्यात सुखाच्या. मागं तयार कपलर असतं, स्टिअरिंगच्या बटणांना दोनच वायरी, प्रत्येक बटणाचा रेझिस्टर वेगळा, नव्या सेटला ते शिकवता येतं. ८०० सारखा कचरा नाही आणि नव्यासारखे नखरे नाहीत.

पैशाचं सांगतो. ८०० ला सेट ४,२००, स्पीकरची जोडी ३,६००, लॉकिंग आणि अलार्म मिळून ४,५००, ट्रे, वायरिंग, मजुरी ३,२००, एकूण १५,५००. मेहुण्याला सबवूफर ९,५००, आरसा-कॅमेरा ३,८००, गिअर लॉक २,२००, मजुरी किटसकट ३,०००, म्हणजे १८,५००. स्वस्त नाही म्हणता येणार, ऑनलाइन सेट ह्यापेक्षा कमीत मिळतो, पण बाहेरनं आणलेला सेट मामा बसवतात, तोंड वाकडं करून का होईना.

तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत. सोमवारी या म्हणाले आणि सोमवारी कुलूप. बसायला जागा नाही, टायरवर बसायचं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत आणि वॉरंटीसाठी ते लागतं, तेव्हा मागाच. सेटचे पर्याय मोजून सहा-सात. आणि ऊसाच्या हंगामात तर जाऊच नका, ऑक्टोबरपासनं दारात ट्रॅक्टरची रांग, डबल ट्रॉलीवाल्यांना इंजिनच्या आवाजाच्या वर ऐकू येईल एवढा सेट पाहिजे असतो, मामा म्हणतात ते गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं, कुईं आली तरी त्यांना कळत नाही. मल्टिटोन हॉर्न मागायला येणाऱ्यांना मात्र हाकलतात, ते नियमात बसत नाही म्हणून.

काम झाल्यावर तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी बाबांचा फोन, गाडी स्टार्ट होईना, स्टार्टर फिरतोय पण पकडत नाही. मी तिलकवाडीला होतो, म्हणलं येतो. तोपर्यंत गल्लीतल्या चौघांनी धक्का मारून झाला होता, पाटील काकांनी प्लग काढून पुसून परत लावला होता, एकानं पेट्रोलमधे पाणी असणार असं निदान पण करून ठेवलं होतं. मी मामांना फोन लावला आणि नेमका त्याच दिवशी त्यांनी उचलला. मी सगळं सांगितलं. पलीकडनं एवढंच आलं, "आयतु, आयतु (झालं, झालं). बाबास्नी इचारा, बटण दाबलं काय?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं, गल्लीकडं बघितलं आणि म्हणाले सगळ्यांना आधी घरी पाठव, चोर स्विच कुठं आहे ते ह्यांना दिसायला नको.